अमेरिकेतल्या टेक्सोमा तलावावर पहिल्यांदाच स्ट्रायपर मासे धरायला जाताय?

ऑक्टोबर-नोव्हेंबर निवडलात, उत्तम! पाणी गार होऊ लागलं की शॅड या छोट्या माशांचे थवे ओढ्यांच्या मुखांकडे सरकतात आणि स्ट्रायपर त्यांच्या मागे. सीगल पक्षी पाण्यावर झेपावताना दिसले की तिकडे चला, पण माशांच्या थव्यात होडी घुसवू नका.

सगळ्यात जपायचं ते जिवंत आमिष. शॅड फार नाजूक: गोल टाकी, सतत हवा, थोडं मीठ, आणि गर्दी अजिबात नको. नाक लाल झालेला, सुस्त मासा काढून टाका. गळ नाकपुड्यांतून घाला, म्हणजे तो पोहत राहतो.

नवखे चुकतात ते काठी वाकल्यावर. सर्कल हुकला (टोक आत वळलेल्या गोल गळाला) हिसका देऊ नका, नुसतं रीळ गुंडाळत राहा.

पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या सोनार यंत्राचं नंतर बघू. परवाना मात्र लेक टेक्सोमाचा घ्या; टेक्सस आणि ओक्लाहोमा, दोन्ही बाजूंना चालतो.