स्त्रीमुक्तीने बायकांना सुख मिळालं की कष्टच वाढले?

माझ्या मते सुख मिळालं. कष्टही वाढले, पण ते मुक्तीमुळे नाही. बाई घराबाहेर पडली आणि घरातला पुरुष स्वयंपाकघरात शिरलाच नाही, म्हणून वाढले.

पूर्वीच्या बायका समाधानी होत्या म्हणतात. माझी आजी सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहायची. भाजीच्या सुट्ट्या पैशांचाही हिशोब तिला आजोबांना द्यावा लागे. तिला कुणी विचारलं होतं, सुखी आहेस का म्हणून? याच पुण्यात १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तिथे शिकवायला जाताना सावित्रीबाईंनी अंगावर शेण-चिखल झेलला, तेव्हा कुठे आपण आज हे लिहितोय-वाचतोय.

आता माझं सांगते. पहाटे साडेपाचला कणीक मळायची, तीन डबे भरायचे, हिंजवडी गाठायची. रात्री आठला घरी यावं तर सिंकमध्ये सकाळचीच भांडी. नळ सोडून रडलेय मी, खोटं कशाला बोलू? २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्या कामातली रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली, तसं काम करणाऱ्या पुरुषांची ९७. दुखणं इथे आहे.

आमच्याकडे भांडून-भांडून रात्रीचा स्वयंपाक आता नवऱ्याकडे आलाय. 'मदत' म्हणून नाही, त्याचं काम म्हणून.

आणि नोकरी? नाही सोडणार. गेल्या वर्षी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्या पगारातून केलं. कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही.