तोंडाची आग, थायरॉइडची गोळी आणि मधले आठवडे

समुपदेशनासाठी येणाऱ्या, विशेषतः पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रिया मला एक प्रश्न वारंवार विचारतात : "कित्येक महिने तोंडाची आग होते आहे, रक्ततपासणीत थायरॉइड निघाला आहे, तर ही आग त्याचीच आहे का आणि गोळीने ती जाईल का?" या प्रश्नाला नुसते "हो" किंवा "नाही" म्हणणे प्रामाणिकपणाचे होत नाही. म्हणून एक अनुभव सांगते. संबंधित व्यक्तीची ओळख पटू नये यासाठी तिच्याविषयीचे तपशील बदलले आहेत.

त्या ५३ वर्षांच्या शिक्षिका होत्या. जिभेचे टोक, दोन्ही कडा आणि खालच्या ओठाची आतली बाजू गरम चहाने पोळल्यासारखी सतत हुळहुळत असे. सकाळी उठल्यावर त्रास जवळजवळ नसे, दुपारपासून वाढत जाई आणि संध्याकाळी असह्य होई. तोंडाला कडवट चव होती आणि कोरड पडे. दातांच्या डॉक्टरांनी दात आणि हिरड्या ठीक असल्याचे सांगितले, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना तोंडात काही आढळले नाही आणि एका ठिकाणी "हे मनाचे आहे, फार विचार करू नका" असे सांगून त्यांची बोळवण झाली. आठव्या महिन्यात एका फिजिशियनने रक्त तपासले, तेव्हा टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारे संप्रेरक, जे ग्रंथी मंदावली की वाढते) ११ निघाले, जे साधारणपणे ०.४ ते ४ च्या दरम्यान असावे लागते. शिवाय बी-१२ जीवनसत्त्वही कमी होते. लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाची उणीव भरून काढणारी गोळी आणि बी-१२ सुरू झाले. माझ्याकडे त्या आल्या त्या गोळी सुरू होऊन पाच आठवडे झाल्यावर, आणि बसताक्षणी म्हणाल्या, "मॅडम, कारण सापडलं म्हणून मी रडले होते. आता कारणही गेलं आणि आग तशीच आहे."

बोलता बोलता त्यांनी फोन उघडून माझ्यापुढे धरला. त्यात त्यांच्या जिभेचे दोनशेहून अधिक फोटो होते, बहुतेक रात्री टॉर्चच्या उजेडात काढलेले. एका फोटोवर बोट ठेवून त्यांनी अगदी हळू आवाजात विचारले, "या मागच्या गाठी कसल्या?" जिभेच्या मुळाशी उलट्या व्ही आकारात मांडलेले ते आठ-दहा उंचवटे चवीचे असतात आणि ते प्रत्येकाच्या जिभेवर असतात, पण आपली जीभ इतक्या मागपर्यंत कोणी पाहत नसल्यामुळे, पाहू लागल्यावर ते प्रथमच दिसतात आणि कॅन्सरची भीती तिथूनच शिरते. दातांच्या डॉक्टरांनी ती जागा तपासली होती, मात्र तपासून काय दिसले हे सांगितले नव्हते. तपासणी झाली तरी मन निश्चिंत झालेले नसते, हे आपण उपचार करणारे फार सहज विसरतो.

पहिल्या भेटीतला बराच वेळ मी "मनाचे आहे" या वाक्याने केलेली जखम समजून घेण्यात घालवला, कारण ती भरल्याशिवाय पुढचे काही ऐकूच आले नसते. तोंडात काही दिसत नसताना दररोज दोन तासांहून अधिक वेळ आणि तीन महिन्यांहून अधिक काळ होणाऱ्या आगीला बर्निंग माउथ सिंड्रोम म्हणतात, आणि अशा रुग्णांच्या जिभेच्या वरच्या थरातील सूक्ष्म चेतातंतूंची संख्या कमी झाल्याचे अभ्यासांत आढळले आहे. म्हणजे वेदना खरी आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या पातळीवर ती घडते, एवढेच. मात्र हे नाव लावण्याआधी आग होण्याची इतर कारणे तपासावी लागतात, आणि थायरॉइडची तपासणी त्यातच मोडते.

मग थायरॉइडचा संबंध नेमका कुठे येतो? या ग्रंथीचे काम मंदावले की चव बोथट होऊ शकते आणि तोंड कोरडे पडू शकते. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव एक चेता मेंदूकडे नेते आणि त्याच भागाची वेदना दुसरी. चवीचे संदेश एरवी वेदनेच्या संदेशांना आवर घालत असावेत आणि चव क्षीण झाली की तो आवर सुटत असावा, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. थायरॉइड मंदावण्याचे एक मोठे कारण म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती त्या ग्रंथीवरच उलटणे. ज्यांना हा आजार असतो, त्यांच्यात बी-१२ शोषले न जाणे किंवा लाळग्रंथी कोरड्या पडणे असे त्याच जातीचे इतर आजारही अधिक आढळतात आणि तेही तोंडाची आग करतात. म्हणजे आग कधी थायरॉइडची असते, कधी त्याच्या सोबत्याची. आणि कधी दोघांचीही नसते, कारण रजोनिवृत्तीनंतरच्या वयात थायरॉइडचे विकार आणि तोंडाची आग दोन्ही जास्त दिसतात, त्यामुळे ती योगायोगानेही एकत्र येऊ शकतात. हे सगळे ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे नक्की सांगता येत नाही." मी म्हटले, "नाही. पण जे दुरुस्त करता येते ते दुरुस्त करता येते, आणि उरेल त्यावरही उपाय असतात."

पाच आठवड्यांच्या निराशेचे उत्तर मात्र स्पष्ट होते. लेव्होथायरॉक्सिनची रक्तातली पातळी स्थिरावायलाच सुमारे सहा आठवडे लागतात, म्हणून टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा पाहतात. चेतातंतूंना सावरायला तर त्याहूनही जास्त वेळ लागतो. शिवाय बोलताना लक्षात आले की त्या ही गोळी कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेत होत्या. कॅल्शियम आणि लोह या गोळीचे शोषण कमी करतात, त्यामुळे त्यांच्यात चार तासांचे अंतर ठेवावे आणि थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घेऊन पुढचा अर्धा ते एक तास काही खाऊ नये, असा सल्ला असतो. केसांसाठी त्या बायोटिन हे जीवनसत्त्व घेत होत्या, आणि ते थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे दाखवू शकते. औषधांत बदल करणे माझे काम नाही, म्हणून हे सारे एका कागदावर लिहून मी त्यांना फिजिशियनकडे परत पाठवले.

आमचे दोघींचे काम त्या मधल्या आठवड्यांचे होते. त्यांनी दिवसातून तीन वेळा आगीला शून्य ते दहा गुण द्यायचे आणि त्या वेळी काय करत होतो ते लिहायचे, असे ठरवले. दुसऱ्याच आठवड्यात त्या वहीत आम्हा दोघींनाही न सुचलेली गोष्ट सापडली : वर्गात शिकवताना गुण दोन असत आणि घरी गप्प बसल्यावर सात. गप्प असताना त्यांची जीभ नकळत पुढच्या दातांवर घासत राही, आग आहे का हे पाहण्यासाठीच. जीभ टाळूला हलकेच टेकवून जबडा सैल सोडायचा सराव, पाण्याचा घोट, आणि आरसा पाहण्याची दिवसातली एकच ठरलेली वेळ, एवढ्यावर आम्ही दीड महिना काढला. फोटो काढणे थांबवणे त्यांना सर्वांत कठीण गेले. त्या ओढीच्या क्षणी मनात येणारे "आज नक्की काहीतरी दिसेल" हे वाक्य त्या लिहून काढू लागल्या, आणि हळूहळू त्याची धार कमी झाली. जळजळ करणारी टूथपेस्ट त्यांनी दंतवैद्याच्या सल्ल्याने बदलली.

अशाच तक्रारी असलेल्या वाचकांना इथे थांबवून एक सांगणे आवश्यक आहे. दोन-तीन आठवड्यांत न भरणारे व्रण, तोंडातला लाल किंवा पांढरा चट्टा, एकाच बाजूचे दुखणे, बधिरपणा, गिळताना अडथळा किंवा मानेतली गाठ असेल, तर समुपदेशन बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी. थायरॉइडचे काम वाढले म्हणून कार्बिमाझोलसारखे औषध घेणाऱ्यांना ताप, घसादुखी किंवा तोंडात व्रण आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्यात. मान दुखून ती कळ जबड्यात आणि कानात जात असेल, तर ग्रंथीला सूज आलेली असू शकते. ही दुखणी तोंडाच्या आगीहून वेगळी आहेत.

चौथ्या महिन्यात त्यांचे टीएसएच ३ च्या आत आले आणि बी-१२ भरून निघाले. संध्याकाळची आग सातवरून चारवर आली होती, कडवट चव गेली होती, झोप परतली होती. पण आग पूर्ण गेली नव्हती. फिजिशियनने त्यांना तोंडाच्या वेदनांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवले आणि तिथे जिभेवर विरघळवून थुंकण्याचे औषध सुरू झाले. त्या अजूनही महिन्यातून एकदा माझ्याकडे येतात. प्रत्येक वेळी उठताना त्या विचारतात, "पूर्ण जाईल ना?" काहींची आग काही वर्षांनंतर पूर्ण जाते, पुष्कळांची कमी होते आणि काहींची राहते, हेच मी त्यांना दर वेळी सांगते. मागच्या भेटीत त्यांनी ते ऐकून वही मिटली आणि पुढची तारीख मागितली.