स्थळाची कोर्ट केस कुठे बघायची? आणि एक तातडीचा प्रश्न

प्रश्न : ताई, धाकट्या बहिणीला नाशिकचं स्थळ आलंय. मुलगा चांगला वाटतो, पण नात्यातल्या एकांनी कानावर घातलं की त्याच्यावर पुण्यात केस होती आणि अटकही झाली होती. थेट विचारलं तर स्थळ हातचं जाईल, नाही विचारलं तर जिवाला घोर. नेटवर एक साइट पैसे भरा, सगळा रेकॉर्ड काढून देतो म्हणते. भरू का?
– एक वाचक, सिन्नर

पैसे अजिबात भरू नका. कोर्टाची माहिती सरकारच्या ई-कोर्ट्स साइटवर फुकट बघता येते. तिथे महाराष्ट्र, मग पुणे, मग कोर्ट कॉम्प्लेक्स निवडायचं (शिवाजीनगर वेगळं आणि बारामती, खेड अशी तालुक्याची कोर्टं वेगळी, त्यामुळे एकाच ठिकाणी बघून थांबू नका), पार्टीच्या (म्हणजे केसमधल्या माणसाच्या) नावाने शोधायचं आणि केस नोंदल्याचं वर्ष टाकायचं. वर्ष टाकल्याशिवाय सर्च होत नाही, म्हणून माहीत नसेल तर एकेक वर्ष मागे जात बसावं लागतं, कंटाळवाणं आहे पण अर्ध्या तासाचं काम आहे. पेंडिंग आणि निकाली दोन्ही बघा. इंग्रजी स्पेलिंगही बदलून बघा, एकच आडनाव चार प्रकारे टाइप केलेलं असतं.

आता महत्त्वाचं. नाव सापडलं म्हणजे तोच मुलगा असं अजिबात धरू नका. पुणे जिल्ह्यात एकाच नावाचे, वडिलांचंही नाव तेच असलेले कितीतरी जण निघतील. पोलीस स्टेशन कुठलं, एफआयआर कुठल्या साली, कलमं कुठली, हे जुळतंय का बघा. आणि केसचा प्रकार बघा, हे फार लोक बघतच नाहीत. आर.सी.एस. (रेग्युलर सिव्हिल सूट) म्हणजे दिवाणी दावा, जमिनीचा वगैरे, त्यात आरोपी कुणी नसतो. एस.सी.सी. (समरी क्रिमिनल केस) मध्ये चेक बाउन्सच्या केसेस भरपूर असतात. आर.सी.सी. (रेग्युलर क्रिमिनल केस) किंवा सेशन्स केस असेल आणि समोर स्टेट ऑफ महाराष्ट्र असेल तर ती पोलिसांनी दाखल केलेली फौजदारी केस. त्यातही शेवटचा निकाल काय लागला ते वाचा, ऑर्डरची पीडीएफ बऱ्याचदा तिथेच असते. निर्दोष सुटलेल्या मुलाला आयुष्यभर त्या एका अटकेवरून जोखणं मला तरी पटत नाही. प्रत्येक केसला १६ अक्षरी सीएनआर नंबर असतो, आपल्याकडचा एमएच ने सुरू होतो, तो लिहून ठेवा, पुढच्या वेळी थेट केस उघडते. हायकोर्टात प्रकरण गेलं असेल तर ते मुंबई हायकोर्टाच्या साइटवर वेगळं बघावं लागतं.

एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर मिळतात. सुप्रीम कोर्टाने २०१६ साली सांगितलं की एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाका, पण लैंगिक गुन्हे, पोक्सो (लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा), दहशतवाद यातले संवेदनशील एफआयआर वगळून. म्हणून तिथे दिसलं नाही म्हणजे काही नव्हतंच असं नाही. चार्जशीट (पोलिसांचं आरोपपत्र) मात्र नेटवर शोधू नका, ती सगळ्यांसाठी खुली नसते, हेही सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. निकालाची सही-शिक्क्याची प्रत हवी असेल तर कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करायचा, पण तुम्ही तिऱ्हाईत असल्यामुळे कशासाठी हवी ते कारण द्यावं लागेल.

आणि एक सांगू का, एवढं सगळं बघून झाल्यावर मुलाला एकदा समोरासमोर विचाराच. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला स्वतःचा स्वतःला काढता येतो, तो त्याने स्वतःहून आणला तर तुमचा घोर निम्मा कमी होईल. केसचा नंबर हातात असला की बोलणंही नीट होतं, ऐकीव गोष्टीवरून भांडण होत नाही.

प्रश्न : भाच्याला काल रात्री पोलीस घेऊन गेले. कुठल्या स्टेशनला नेलं कुणी सांगत नाही. बहीण रडून रडून बेजार झालीये.
– एक वाचक, सोलापूर

दादा, हे वाचेपर्यंत थांबू नका म्हणून तुम्हाला फोनवर कळवलंच आहे, इथे बाकीच्यांसाठी लिहिते. अटक केली की नातेवाइकाला किंवा आरोपी सांगेल त्या माणसाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात, म्हणजे बीएनएसएसच्या कलम ३७ मध्ये, प्रत्येक पोलीस स्टेशनला आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात यासाठी एक अधिकारी नेमायचा आणि अटक झालेल्यांची माहिती ठळक लावायची असं आहे. तेव्हा जवळच्या स्टेशनला जा आणि ही माहिती मागा, मिळाली नाही तर मुख्यालयातल्या कंट्रोल रूमला विचारा. सिटिझन पोर्टलवरही अटक आरोपींची यादी असते. अटकेपासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं, त्यामुळे सकाळीच कोर्टात रिमांडच्या वेळेला (आरोपीला कोठडीत ठेवायचं का ते ठरतं तेव्हा) हजर राहा, तिथे भाचा दिसायलाच हवा. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० नंबर लावा, अटकेतल्या माणसाला वकील फुकट मिळतो.