नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतले कुशल कामगार परदेशी निघालेत, एचआरने त्यांना बॉण्डने बांधावं का?

सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचे ऑपरेटर आणि वेल्डर तयार होतात न होतात तोच जर्मनीची किंवा आखाताची वाट धरतात, मग बॉण्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असा करार, घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: बांधू नका. प्रशिक्षणाचा वाजवी खर्च करारात लिहिणं वेगळं. पण भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 पुढे ‘सोडल्यावर दुसरीकडे काम करायचं नाही’ ही अट सहसा टिकत नाही. मूळ प्रमाणपत्रं अडकवणं तर त्याहून वाईट. सातपूर-अंबडमध्ये अशी गोष्ट लगेच पसरते आणि चांगला माणूस तुमच्याकडे फिरकत नाही.

हा ओघ थांबणारा नाही. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनेच जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केलाय. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या मशीनवर दुसरा हात आजच तयार करा. सेटिंग, फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारं साधन), प्रोग्राम सगळं लिहून ठेवा. आयटीआयचे अप्रेंटिस माणूस गेल्यावर नव्हे, आधी घ्या.

आणि जाणाऱ्याला मदत करा, हे मी मनापासून सांगतोय. एजंट ई-मायग्रेट या केंद्र सरकारच्या परदेशी नोकरीसाठीच्या पोर्टलवर नोंदलेला आहे का, हे त्याच्यासोबत बसून तपासा. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी घेता येतो. लाख-दोन लाख मागणाऱ्यापासून त्याला वाचवा. पोरं त्यासाठी जमीन गहाण टाकतात. अनुभवपत्र वेळेत द्या, पीएफचे कागद अडवू नका. आखातातले करार बहुधा ठरावीक मुदतीचे असतात. मुदत संपत आली की पहिला फोन तुमचा जाऊ द्या.