वाचकांचे प्रश्न : आग लागल्यास घराबाहेर कसे पडावे?

प्रश्न : परभणीत आमचे दुमजली घर आहे. खाली स्वयंपाकघर आणि सासू-सासऱ्यांची खोली, वर आम्ही दोघे आणि नऊ व पाच वर्षांची मुले. चोऱ्यांच्या भीतीने सगळ्या खिडक्यांना पक्की ग्रिल आहे. रात्री चॅनल गेटला आतून कुलूप असते आणि किल्ली सासूबाईंच्या उशाखाली. जिन्याखाली इन्व्हर्टर आहे. इलेक्ट्रिक स्कूटरही रात्री तिथेच चार्जिंगला लावतो. आमच्या गल्लीत एका घरी शॉर्टसर्किट झाल्यापासून माझ्या मनाला स्वस्थता नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात. सराव केला तर मुले घाबरतील, असे घरात म्हणतात. सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, परभणी

उत्तर : सुरुवात किल्लीपासून करावी. आपल्या घरातून बाहेर पडण्याचा मार्ग एकच आहे. त्याची किल्ली एका माणसाच्या उशाखाली आहे, आणि त्याच मार्गावर आग लागू शकेल अशा दोन वस्तू आपण ठेवल्या आहेत. आजच एक किल्ली गेटजवळच्या भिंतीवर, बाहेरून हात घालून पोहोचणार नाही पण मोठ्या मुलाचा हात सहज पुरेल अशा उंचीवर अडकवावी, आणि दुसरी वरच्या खोलीत ठेवावी. ती जागा कोणत्याही कारणाने बदलू नये. स्कूटर जिन्याखाली चार्ज करणे बंद करावे. गेटबाहेर पोर्चमध्ये, घरातील माणसे जागी असताना ती चार्ज करावी. इन्व्हर्टरही हवा खेळती असलेल्या, वाटेत न येणाऱ्या जागी हलवावा आणि जिन्याखालची रद्दी व जुने कपडे काढून टाकावेत.

घराला लागलेल्या आगीत ज्वाळांच्या आधी धूर माणसाला गाठतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून झोपलेला माणूस जागा होण्याऐवजी बेशुद्ध पडू शकतो. यासाठी बॅटरीवर चालणारा धूरसूचक (स्मोक अलार्म) खाली झोपण्याच्या खोलीबाहेर आणि वर जिन्याच्या तोंडाशी, छताला लावावा. स्वयंपाकघरात लावू नये. फोडणीच्या धुराने तो रोज वाजेल आणि कंटाळून कोणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवेल. धूर वर जातो, त्यामुळे जमिनीलगत हवा त्यामानाने बरी असते. धुरातून जावेच लागले तर गुडघ्यांवर रांगत, भिंतीचा आधार घेत जावे. बंद दार उघडण्यापूर्वी त्याला हाताची मागची बाजू लावून पाहावी. दार तापलेले असल्यास ते उघडू नये. झोपताना खोलीचे दार लोटून घेण्याची सवयही लावावी, कारण बंद दार धूर आणि आग बराच वेळ अडवून धरते.

चोरांची भीती खरी आहे, म्हणून ग्रिल काढण्याचा सल्ला मी देणार नाही. मात्र प्रत्येक मजल्यावरील एका खिडकीच्या ग्रिलचा भाग वेल्डिंगवाल्याकडून बिजागऱ्यांवर, आतून उघडणारा करून घ्यावा आणि त्याच्या कुलपाची किल्ली खिडकीपाशीच ठेवावी. वरच्या मजल्यावर पोर्चच्या स्लॅबवर उतरता येईल अशी खिडकी निवडावी.

सासूबाईंचे पाहणाऱ्या माणसाचे नाव आधीच ठरलेले असावे. ‘सगळे मिळून त्यांना नेऊ’ असे म्हटले की ऐनवेळी प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणीतरी गेला असेल. सासरे त्यांच्याच खोलीत असल्याने ते काम त्यांच्याकडे द्यावे. आपण दोघांनी एकेक मूल घ्यावे. सासूबाईंची काठी, चष्मा आणि टॉर्च खाटेच्या हाताशी असावीत. चालणे जमत नसेल तर वाकळीवर बसवून ओढत नेता येते. मात्र त्यासाठी सासऱ्यांची ताकद पुरते का, हे प्रत्यक्ष करून पाहावे. पुरत नसल्यास हे काम आपल्या पतींनी घ्यावे आणि मुलांची जबाबदारी आपल्याकडे राहावी.

मुलांविषयीची काळजी समजण्यासारखी आहे, पण काय करायचे ते ठाऊक नसलेले मूल अधिक घाबरते आणि पलंगाखाली किंवा कपाटात लपून बसते. काडेपेटीशी खेळताना आग लागली असेल, तर रागावतील या भीतीने ते मुद्दाम लपते. म्हणून ‘कशामुळेही आग लागली तरी कोणी रागावणार नाही, तू आधी बाहेर ये’ हे वाक्य आई-वडिलांनी स्वतः मुलांना सांगावे. पहिला सराव दुपारी, सांगून करावा, मग संध्याकाळी, आणि शेवटी रात्री, दिवे बंद करून, सर्वांनी अंथरुणात असताना. गाढ झोपलेली मुले सूचकाच्या आवाजाने जागी होतीलच असे नाही, त्यामुळे त्यांना उठवणे हाही सरावाचा भाग समजावा. कुलूप मोठ्या मुलाने अंधारात उघडून दाखवावे. २ मिनिटांत सर्वजण समोरच्या शेजाऱ्यांच्या ओट्यावर जमले पाहिजेत. तिथे डोकी मोजावीत, तिथूनच १०१ किंवा ११२ वर फोन करावा आणि दागिने वा कागदपत्रांसाठी कोणीही परत आत जाऊ नये.

मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी झालेल्या स्फोटात प्राण गमावलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. आपल्याकडे त्याच सुमारास कूलर सुरू होतात आणि वायरिंगवरचा भार वाढतो, म्हणून एक सराव त्या आठवड्यात आणि दुसरा दिवाळीपूर्वी करावा.

प्रश्न : आम्ही तिसऱ्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये राहतो. जिन्यात धूर भरला तर गच्चीवर जावे का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : धूर जिन्यातूनच वर चढतो आणि गच्चीच्या दाराला बहुधा कुलूप असते, त्यामुळे तसे करू नये. लिफ्टही वापरू नये. फ्लॅटचे दार बंद करून फटीत ओले टॉवेल कोंबावेत, बाल्कनीत येऊन १०१ वर मजला, इमारत आणि जवळची खूण सांगावी व चादर हलवत राहावे. नाकावर ओला रुमाल बांधल्याने धुरातील कण काही प्रमाणात अडतात, कार्बन मोनॉक्साइड अडत नाही. त्याच्या भरवशावर जिना उतरू नये.