बोसा नोव्हा की बोसा नोवा? आणि 'सुतिल' म्हणजे काय?

प्रश्न असा आलाय की आर्टो लिंडसे या गायक-गिटारिस्टचा १९९५ चा सोलो अल्बम 'ओ कोर्पो सुतिल' ऐकला, त्यावर मराठीत लिहायचंय, तर त्यातल्या ब्राझिलियन संगीतशैलीचं नाव 'बोसा नोव्हा' लिहायचं की 'नोवा', तो की ती, आणि अल्बमच्या नावाचं 'नाजूक शरीर' चालेल का.

नोवा लिहा. व्ह ही आपली इंग्रजीची सवय आहे, व्हॅन, व्होट वगैरे, पण हा शब्द पोर्तुगीज आणि पोर्तुगीजशी आपला व्यवहार इंग्रजीच्या कितीतरी आधीचा, तिथला व आपण सरळ व घेतला. वास्कोला कोणी व्हास्को म्हणत नाही आणि 'शाव्ही'ची आपण चावी केली. पणजी १८४३ मध्ये राजधानी झाली तेव्हा तिचं नाव नोवा गोवा होतं, म्हणजे नवं गोवा, तोच हा नोवा.

'बोसा' जास्त मजेदार आहे. मूळ अर्थ टेंगूळ किंवा उंचवटा. डोक्यावरच्या उंचवट्यांवरून माणसाचे गुण ओळखता येतात असं एकेकाळी युरोपात मानायचे, त्यामुळे अमुक गोष्टीचा उंचवटा असणं म्हणजे ती अंगात असणं. रिओच्या बोलीत मग बोसा म्हणजे हातोटी, खास ढब, संगीतकार नोएल रोझाच्या १९३० च्या दशकातल्या सांबा गाण्यातही हा शब्द आहे, म्हणजे १९५८ च्या आसपास ब्राझिलियन गायक जुआव जिल्बेर्तोच्या गाण्यांनी नवी बोसा आली त्याच्या खूप आधीपासून. मी त्याला 'नवी धाटणी' म्हणेन. ढब, धाटणी, लकब, सगळ्या स्त्रीलिंगी आणि पोर्तुगीजमध्येही बोसा स्त्रीलिंगीच, म्हणून ती बोसा नोवा.

'नाजूक शरीर' मात्र नको, प्लीज. अल्बमचं इंग्रजी नावही सोबत आहे, 'द सटल बॉडी', आणि इंग्रजीत हे दोन शब्द आपल्या सूक्ष्म शरीरासाठीच वापरतात. दासबोधात स्थूल, सूक्ष्म, कारण, महाकारण असे चार देह सांगितलेत, त्यातला हा दुसरा. लिंडसे अमेरिकेत जन्मला, ब्राझीलमध्ये वाढला, न्यूयॉर्कच्या डीएनए बँडमध्ये सुरात न लावलेली गिटार कर्कश वाजवायचा, आणि तोच माणूस इथे कानाशी कुजबुजल्यासारखं गातो, बोसाची चाल ओळखीची पण भोवतालचे आवाज अनोळखी. म्हणून 'सूक्ष्म देह' लिहा, शरीरापेक्षा देह जास्त बसतो.