पडद्यावरचे नाव बदलावे का?

मालिकांत टिकायचे तर नाव बदलावे का, हा अल्पसंख्याक समाजातील तरुण नटांना सतावणारा प्रश्न गोव्यातील वाळपईकडच्या एका मुस्लिम मुलाने फोंड्यातील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत विचारला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

सरकारी मराठी शाळेत शिकलेला, गावच्या नाटकांत आणि कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत कामे केलेला हा मुलगा मुंबईत मराठी मालिका करू लागला, तेव्हा सेटवर त्याला पहिली दाद मिळाली ती 'तुझं मराठी किती स्वच्छ आहे!' अशी, आणि आपल्याला येथे परके मानतात हे त्याला त्या कौतुकातूनच कळले. भूमिका मिळत त्या खबऱ्याच्या किंवा गुंडाच्या साथीदाराच्या. एकदा तर सीन हातात पडण्याआधीच ड्रेसदादांनी जाळीची टोपी आणि ताईत आणून ठेवला. तेव्हापासून कॉलटाइम, म्हणजे सेटवर हजर होण्याची वेळ, जवळ आला की त्याच्या पोटात कळ येऊ लागली.

"सर, दिलीपकुमारांनीही नाव बदललंच ना?" तो म्हणाला. खरे आहे, 1944 च्या 'ज्वारभाटा'पासून युसूफ खान पडद्यावर दिलीपकुमार झाले. त्यामुळे नाव बदलणे म्हणजे लाचारी, असे मी कुणालाही सांगत नाही. नाव बदलल्यावर नेमके कोणते काम मिळेल असे वाटते, एवढेच मी विचारले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "घरातल्या मुलाचं. ज्याला आई असते, नोकरी असते, ज्याचं कुणावर तरी प्रेम असतं."

दुखणे कोठे आहे हे येथे उघड झाले आणि पुढचे बोलणे सोपे गेले. मालिकांचे मानधन बहुधा 90 दिवसांनी हाती येते, म्हणून नकार देण्याआधी किती महिन्यांचे भाडे गाठीशी हवे, याचा हिशेब आम्ही कागदावर मांडला. रिकाम्या खिशाच्या माणसाला स्वाभिमानाचे सल्ले देणे मला क्रूर वाटते. पुढच्या मालिकेत त्याने दिग्दर्शकांना शांतपणे विचारले की, माझ्यासारखा गोव्यातला मुसलमान नीट मराठी बोलतो, तर या पात्राने मोडके का बोलावे? संवाद बदलले, टोपी राहिली. नंतर आलेली बॉम्बस्फोट घडवणाऱ्याची भूमिका मात्र त्याने नाकारली आणि अम्मीला ती पाहवणार नाही हे कारणही लपवले नाही. काम दुसऱ्याला गेले, त्याला काही आठवडे घरी बसावे लागले.

नावाचा निर्णय त्याने चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत, लांबवला आहे. पोटातली कळ कमी झाली असली तरी थांबलेली नाही, त्यामुळे आमच्या भेटी चालू आहेत.